सत्तेचाळीसची किनार

आर्डिस क्रिडरनं पंचावन्न वर्षांनी मोठ्या दिराच्या गॅरेजात पाऊल टाकायचं ठरवलं आणि सोबत न्यायला म्हणून नेमकी फरसबीची भाजी केली. चांगलं मोठं काचेचं भांडं भरून, वर कुरकुरीत कांदा पसरून.

"आई, अगं फरसबी?" नोरीननं गाडीचं दार उघडता उघडता विचारलं. "ओपलकाकू आत येऊ द्यायची नाही."

"भाजीला की मला?"

"दोघींना."

"मग दोघी बाहेर बसू. ऊन छान पडलंय."

क्रिडरांच्या घरात शर्यतीच्या आठवड्यात हिरवं काही चालत नसे. हिरवा शर्ट नाही, हिरवा टॉवेल नाही, ताटात पाला नाही. गॅरेजात टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा आणायच्या नाहीत, हे त्याच कायद्याचं दुसरं कलम. इंडियानात शर्यतीच्या गाड्यांच्या नादाला लागलेले सगळेच हे थोडंफार पाळतात, पण क्रिडरांचं जरा जास्तच होतं. मॉड आजी होती तेव्हा तर ती काकडीचं लोणचंसुद्धा काकडी सोलून घालायची. त्याला कारणही तसंच घडलं होतं. १९६१च्या ऑगस्टात तिचा धाकटा मुलगा मर्ल, म्हणजे आर्डिसचा नवरा आणि नोरीनचा बाप, काउंटीच्या जत्रेतल्या मातीच्या ट्रॅकवर, तिसऱ्या वळणावर गेला. गाडी सत्तेचाळीस नंबरची. त्या आकड्याला हिरवी किनार होती, आणि आकडा आर्डिसनं काढला होता.

दुसऱ्या गाडीच्या चाकात मर्लचं चाक अडकलं, गाडी उडाली आणि लाकडी कठड्यावरून पलीकडे पडली, हे चार हजार माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी दफन झाल्यावर मॉड आजीनं भरल्या घरात विचारलं, "हिरवा कुणी लावला?" सगळ्यांच्या माना आर्डिसकडे वळल्या. "मी निळा लावला होता," आर्डिस म्हणाली. वर्षभर म्हणत राहिली, मग म्हणायची थांबली. गावातल्या दुकानांच्या पाट्या ती रंगवायची. औषधाच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळीकडे तिचीच अक्षरं होती. तेही तिनं सोडलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. पुन्हा कुणी तिच्या हातात ब्रश पाहिला नाही.

नोरीन तेव्हा चार वर्षांची होती. बाप तिला आठवत नव्हता. आईचा एक प्रश्न मात्र तिला कळायला लागल्यापासून आठवत होता. "हा निळाच ना गं?" मोजे घेताना, लोकर घेताना, अंगणात हायड्रेंजिया फुलला की. डोळ्यांच्या डॉक्टरनं दोनदा तपासून सांगितलं होतं की बाईंना सगळे रंग व्यवस्थित दिसतात. तरी आज सकाळी स्वेटर घालताना आर्डिसनं विचारलंच आणि नोरीननं सवयीनं सांगितलं, "हो आई, निळाच."

आजचं बोलावणं ट्रॉयचं होतं. ट्रॉय हा ऑरिनकाकांचा, म्हणजे मर्लच्या थोरल्या भावाचा मुलगा, पन्नाशी ओलांडलेला. त्यानं सात वर्षं खपून सत्तेचाळीस पुन्हा उभी केली होती. उद्या जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा होता. गाडी तयार होती, फक्त आकडा पुरा करायचा राहिला होता, आणि तो आर्डिसकाकूनंच करावा असा त्याचा हट्ट होता. तीन आठवडे आर्डिस नाही म्हणत होती. गुरुवारी ती एकदम हो म्हणाली, का ते सांगितलं नाही, आणि माळ्यावरून ब्रशांचा डबा उतरवून घेतला.

गॅरेजच्या दारातच ओपलकाकू, ऑरिनकाकांची बायको, उभी होती. जावाजावांचं वैर म्हणजे काय, हे नोरीन याच बाईकडे बघून शिकली होती.

"आर्डिस."

"ओपल."

"हातात काय आहे?"

"फरसबी."

"उद्या शर्यत आहे, ठाऊक आहे ना?"

"शर्यत कसली गं? म्हाताऱ्या गाड्या म्हातारे पुरुष हळूहळू फिरवणार. पाय वर उचलता आला असता तर एक फेरी मीसुद्धा मारली असती."

"ते भांडं गाडीत राहू दे."

नोरीननं मुकाट्यानं भांडं परत मागच्या सीटवर नेऊन ठेवलं. ती परत आली तेव्हा आर्डिस आत पोचली होती आणि गाडीच्या पुढ्यात उभी होती.

गाडी बघण्यासारखी झाली होती यात शंका नव्हती. बुटकी, लांब नाकाची, सायीच्या रंगाची, चाकं लाल, आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी. एका माणसापुरती जागा, तीही अंग चोरून बसेल अशा माणसापुरती. शेपटीच्या दोन्ही बाजूंना ट्रॉयनं काळ्या रंगात सत्तेचाळीसचा नुसता साचा भरून ठेवला होता. किनारीवाचून तो आकडा अर्धवटच दिसत होता.

आर्डिसनं सीटच्या कडेवर हात ठेवला. "एवढीशीच होती? त्याचे गुडघे कुठे जायचे?"

"स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर, काकू."

"हो. झोपेतही तसेच वर काढून झोपायचा. पांघरूण पुरायचं नाही मला." तिनं हात काढून घेतला. "छान केलीस रे. त्याला आवडली असती."

ट्रॉयचे कान लाल झाले. एवढा बाप्या माणूस, पण कौतुक झालं की कुठे बघावं ते त्याला कळायचं नाही.

कोपऱ्यात उंच स्टुलावर ऑरिनकाका बसले होते. वय चौऱ्याऐंशी, गुडघे दोन्ही बदललेले. गाडी मूळची त्यांनीच बांधलेली, याच गॅरेजात. त्या गाड्यांना स्टार्टर नसतो. मागून ट्रकनं ढकलत न्यायची, वेग आला की ती धडधडून जिवंत होते. मर्लला प्रत्येक वेळी ऑरिनकाकांनीच ढकललं होतं. शेवटच्या वेळीही. उद्या ट्रॉय गाडीत बसणार होता आणि ढकलणार होते तेच, त्याच जुन्या पिकअपनं.

"बस ना, आर्डिस," ते म्हणाले.

"बसायला नाही आले. किनार कुठल्या रंगाची हवी ते सांगा."

"काळी," ऑरिनकाका म्हणाले.

"काळ्या आकड्याला काळी किनार, बाबा?" ट्रॉय म्हणाला.

"जुन्या फोटोत काळीच दिसते."

"फोटोत गवतही काळंच दिसतं." ट्रॉयनं फडक्यानं हात पुसले. नोरीनला त्याची ही सवय ठाऊक होती. वाईट बातमी द्यायची असली की तो आधी हात पुसायचा. "काकू, मी फोनवर सगळं सांगितलं नाही. गाडी शेवटच्या दिवशी होती तशी उभी करायची, असं मी पहिल्या दिवसापासून धरून चाललोय. अगदी शेवटच्या खिळ्यापर्यंत. उद्या तिथे त्या दिवशी हजर असलेले लोक येणार. ते सगळे एकच सांगतात. किनार हिरवी होती."

नोरीनचं डोकं फिरलं. "म्हणजे तू आईला इथे बोलावलंस ते तिच्याच हातानं हिरवा काढून घ्यायला? ट्रॉय, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"अगं, खोटी गाडी मैदानात कशी न्यायची?"

"गाडीचं खरंखोटं तुला सात वर्षं सुचतंय. माणसाचं एक दिवस सुचू दे!"

"या गॅरेजात हिरवा येणार नाही," ऑरिनकाका म्हणाले.

"काकांचं बरोबर आहे," नोरीन म्हणाली, आणि तिची तिलाच गंमत वाटली. काकांचं बरोबर आहे हे वाक्य तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा बाहेर पडलं होतं. ओपलकाकूनंही मान डोलावली. तीन क्रिडर एका बाजूला, ट्रॉय एकटा दुसऱ्या बाजूला.

आर्डिस मात्र कुणाच्याच बाजूला नव्हती. ती ब्रशांचा डबा छातीशी धरून उभी होती.

"मला जुनी बघायची आहे," ती म्हणाली.

"जुनी काय?"

"शेपटी. ही तू नवी केलीस. जुनी कुठे आहे?"

"भंगारात गेली कधीच," ओपलकाकू म्हणाली.

ट्रॉयनं पुन्हा हात पुसले. "वर आहे," तो म्हणाला. "मार्चमध्ये मी जुने टायर शोधत होतो तेव्हा सापडली. लष्करी घोंगडीत गुंडाळलेली, दोरीनं बांधलेली. गाठ बाबांची आहे."

"ते वर राहू दे," ऑरिनकाका म्हणाले.

ओपलकाकूनं नवऱ्याकडे पाहिलं. एकाच घरात साठ वर्षं राहून डोक्यावर काय ठेवलंय हे आपल्याला माहीत नाही, हे तिला झेपलं नसावं. "ऑरिन? तू मला म्हणालास की टाकून दिली."

"म्हटलं ना, राहू दे वर!"

पण ट्रॉय शिडीवर चढलाही होता. खाली आला तो गाठोडं घेऊनच, आणि त्यानं ते बाकावर, खिडकीच्या उजेडात सोडलं.

एक बाजू पार चेपलेली होती. दुसरी जवळजवळ धड होती, आणि तिच्यावर सत्तेचाळीस. पंचावन्न वर्षांची धूळ, तेल, कोळ्याची जाळी. धुळीखाली सायीचा रंग मधासारखा झाला होता. काळ्या आकड्याभोवती बोटाच्या नखाएवढी जाड किनार फिरली होती, एका दमात काढलेली, कुठे थरथर नाही. आणि ती हिरवी होती. शेवाळासारखी मळकट, पण हिरवीच.

नोरीननं आईकडे पाहिलं. आर्डिसचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला, सकाळपेक्षा कितीतरी म्हातारा.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "चुकीचा डबा उघडला असणार. मी शपथेवर सांगितलं असतं, निळा."

"आई, चल घरी."

"थांब." ती वाकून बघत राहिली. "हात बरा होता हो माझा तेव्हा."

ट्रॉयला आता आपण काय करून बसलो ते कळलं होतं. अशा वेळी माणसं पाणी आणतात, खुर्ची सरकवतात. ट्रॉय गाड्या दुरुस्त करणारा, त्यानं त्याला येत होतं ते केलं. रंग जुळवायचा तर आधी मळ काढावा लागतो, म्हणून त्यानं कापसाचा बोळा घेतला, थिनरमध्ये बुडवला आणि चारच्या आकड्याच्या कोपऱ्यावर हलक्या हातानं फिरवायला लागला. बोळा चहाच्या रंगाचा झाला. त्यानं दुसरा घेतला. तोही तसाच.

"हा मळ नाही," तो पुटपुटला. "वार्निश आहे. आकड्यांवर वार्निश कोण मारतं?"

तिसऱ्या बोळ्याला सायीचा रंग पांढरट निघाला. चौथ्याला किनार निघाली, दोन बोटं लांबीची. ती निळी होती. सप्टेंबरातल्या दुपारच्या आकाशाची निळी.

ट्रॉयनं खिडकीकडून पाहिलं, वाकून पाहिलं, मग बोळा खाली ठेवला. "नोरीन, तुला कुठला दिसतो?"

"निळा," नोरीन म्हणाली. "ट्रॉय, निळा आहे हा!"

"खाली निळा, वर पिवळट वार्निश. म्हणून हिरवा." तो स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखा बोलत होता. "पण नुसत्या जुनेपणानं नाही. लोकांनी त्याच दिवशी हिरवा पाहिला. म्हणजे वार्निश मुळातच पिवळं होतं, चांगलं घट्ट. काकू, तुम्ही मारलं होतंत?"

"मी कधीच नाही मारलं. आकड्यांवर मारायचं नसतं."

मग सगळ्यांनी स्टुलाकडे पाहिलं. ते कुणाला सांगावं लागलं नाही.

"होडीचं होतं," ऑरिनकाका म्हणाले. "शेल्फावर अर्धा डबा उरला होता. तू शनिवारी दुपारी आकडा काढून गेलीस. टाकी भरताना इंधनाचं अल्कोहोल सांडलं की ताजा रंग उतरतो, म्हणून मी वरून दोन हात मारले. तुझं काम टिकावं म्हणून, आर्डिस. देवाशपथ. इथे बल्बच्या उजेडात काही कळलं नाही. सकाळी मैदानावर उन्हात ट्रेलरवरून उतरवली, आणि बघतो तर हिरवी."

"मर्लनं पाहिली?" आर्डिसनं विचारलं.

"पाहिली. हसला. म्हणाला, आईला सांगू नकोस, ढकल. मी ढकलली." त्यांनी नाक पुसलं. "नंतर आईनं विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात सगळे तुझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, उद्या सांगू. उद्या नाही जमलं. मग महिना गेला. मग इतकी वर्षं झाली की सांगायचं तर वार्निशचं नाही, इतक्या वर्षांचंच सांगावं लागलं असतं."

"पंचावन्न वर्षं," ओपलकाकू म्हणाली. "पंचावन्न नाताळ मी हिला बोलावलं नाही. तुझ्या आईचा शब्द मी पुढे चालवला. आणि तू ताटावर बसून गप्प जेवत होतास!" ती एवढं बोलली आणि दाराबाहेर निघून गेली.

"मी भावाला मारलं, आर्डिस," ऑरिनकाका म्हणाले.

"गाढवपणा करू नकोस. चाकात चाक अडकलं. रंगानं माणूस मरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आताही ठाऊक आहे." ती बाकापाशीच उभी होती, निळ्या निघालेल्या किनारीवर तिचं बोट होतं. "त्याचा दोष तुम्ही सगळ्यांनी मला दिलात, तो मी सोसला. तुझी आई मुलगा गमावून बसली होती, तिला कुणीतरी हवं होतं. पण मी काय केलं, हेच मला माहीत राहिलं नाही, ऑरिन. तेवढं तू माझ्याकडून काढून घेतलंस. आरशासमोर उभी राहून मी स्वतःला विचारायची, निळा की हिरवा? साधा रंग! मग मला कशाचीच खात्री वाटेना. हातात ब्रश धरला की तो डबा आठवायचा."

नोरीनला एकेक आठवलं. मोजे, लोकर, हायड्रेंजिया. आजवर आपण त्या प्रश्नाला हो म्हणत आलो, कधी कंटाळून, कधी न बघताच, आणि एकदाही विचारलं नाही की आई, तू हे का विचारतेस. तिला स्वतःची लाज वाटली.

ऑरिनकाका स्टुलावरून उतरले. उतरायला वेळ लागला आणि कुणी हात दिला नाही. "काय करू सांग," ते म्हणाले. "सांगशील ते करतो. उद्या मी येतच नाही. ट्रॉय दुसऱ्या कुणाकडून ढकलून घेईल."

"नाही. तूच ढकलायचं. पण ढकलायच्या आधी तिथे ते कर्णे लावून गाड्यांची नावं सांगतात ना, तिथे जायचं. आणि आत्ता आम्हाला सांगितलंस ते सगळं तिथे सांगायचं. होडी, डबा, सगळं. मैदानात जेवढे म्हातारे असतील तेवढ्यांना ऐकू गेलं पाहिजे. मग ट्रकमध्ये बस."

"सगळ्यांसमोर?"

"तुझ्या आईनं मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं नव्हतं."

ऑरिनकाकांनी मान हलवली. "सांगतो," ते म्हणाले.

ट्रॉय अजून त्याच्याच घोळात होता. "पण काकू, मग किनार? शेवटच्या दिवशी होती तशी म्हणजे खाली निळी आणि वर..."

"ट्रॉय," नोरीन म्हणाली, "वार्निशचं नाव काढलंस तर तो डबा तुझ्या डोक्यात घालीन."

"बरं, बरं. निळी."

ओपलकाकू परत आली तेव्हा तिच्या हातात ते काचेचं भांडं होतं. डोळे लाल, पण ताठ चालत आली. बाकावरची पान्ह्यांची रांग तिनं कोपरानं सरकवली, भांडं मध्यभागी ठेवलं, खणातून चमचा काढला आणि उभ्याउभ्या फरसबीचा घास घेतला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याचा रक्तदाब वाढलेला असणार म्हणून कमी घातलं," आर्डिस म्हणाली.

मग तिनं ब्रशांचा डबा उघडला. एकच ब्रश धड होता, लांब मऊ केसांचा. बाकीचे कधीच गेले होते. ट्रॉयनं ठोकळा सरकवला, त्यावर ती नव्या शेपटीसमोर बसली. हाताला टेकू द्यायला त्यानं एक काठी दिली. रंगाचे चार छोटे डबे त्यानं सकाळीच आणून ठेवले होते, हिरव्यासकट. आर्डिसनं चारही डब्यांची झाकणं काढली आणि आत बघितलं.

नोरीन तिच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं, आणि या वेळी ते ती नीट बघून देणार होती.

आर्डिसनं एका डब्यात ब्रश बुडवला, कडेला निथळवला, आणि चारच्या कोपऱ्याला टेकवला.

"बाजूला हो गं," ती म्हणाली. "उजेड अडतोय."